पडद्याच्या अलीकडे

गेल्या महिनाभरात आमच्या घरी तीन चित्रपट पाहिले गेले आणि तिन्ही जुनेच निघाले. नवे बोलपट व दूरचित्रवाणीवरील नवी नाटके यांचा एवढा पूर आलेला असताना ही बाई शिळ्या कढीला ऊत का आणते आहे, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर या लेखाच्या ओघात आपणांस मिळेलच. प्रारंभी एवढेच सांगते की, हे तीन चित्रपट मी एकटीने पाहिले असते तर त्यांच्याविषयी चार बऱ्या ओळी लिहून मोकळी झाले असते. ते आम्ही चौघांनी मिळून पाहिले, आणि त्यामुळे मला स्वतःविषयीही थोडे लिहिणे भाग पडले आहे.

ज्यांना आमचे गाव ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देते. रायपूर रेल्वेस्थानकाच्या पलीकडच्या अंगाला, रूळ ओलांडले की गुढियारी लागते. धान्य-किराण्याचा घाऊक बाजार, पोत्यांनी लादलेल्या हातगाड्या, आणि रात्री कुशीवर वळताना ऐकू येणारी मालगाडीची खडखड, हे आमच्या वस्तीचे रूप. रायपुरातील मराठी घरे मुख्यतः तात्यापारा, चौबे कॉलनी या बाजूंना. १९३५ साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळही चौबे कॉलनीतच आहे. आमच्या बाजूला मराठी कुटुंबे तुरळक. तरी या प्रदेशाशी आपले नाते जुने आहे. १८५४ पर्यंत येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, आणि १९५६ सालापर्यंत रायपूरची राजधानीही नागपूरच होती. मी लग्न होऊन वर्ध्याहून येथे आले ती १९७८ साली. पुढे तीस वर्षे शाळेत शिकवले. आता घरी मी, मुलगा, सूनबाई व अकरा वर्षांची नात असे आहोत. आणि सकाळ-संध्याकाळ घरकामास येणारी काकी. तिला आम्ही सारेच काकी म्हणतो आणि ती मला ‘बहिनजी’ म्हणते, कारण पूर्वी मी तिच्या मुलांना शाळेत शिकवीत असे. सोळा वर्षे ती आमच्याकडे आहे.

पहिला चित्रपट होता सत्यजित राय यांचा ‘सद्गति’. १९८१ साली त्यांनी तो खास दूरदर्शनसाठी तयार केला. लांबी जेमतेम पाऊण-एक तास. मूळ कथा प्रेमचंदांची. हा चित्रपट पाहण्यास मला दोन निमित्ते होती. एक म्हणजे त्याचे चित्रीकरण आमच्याच मुलखात, रायपूर-महासमुंद परिसरातील खेड्यांत झाले. त्यातील लहान मुलीची भूमिका रायपूरच्याच एका बालिकेने केली आहे, आणि गोंडाची छोटी पण मोलाची भूमिका राजनांदगावचे लोककलावंत भैयालाल हेडाऊ यांनी. दुसरे निमित्त म्हणजे त्यातील दोन प्रमुख नटमंडळी आपली. दुखीची बायको झुरिया झाली आहे स्मिता पाटील, आणि पंडित घासीराम झाले आहेत पुण्याचे डॉक्टर मोहन आगाशे. ज्यांनी ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकात आगाशे यांना नाना फडणविसाच्या भूमिकेत पाहिले असेल, त्यांना येथे त्यांच्याच वाट्याला घासीराम हे नाव आलेले पाहून गंमत वाटेल. गंमत मात्र तेथेच संपते.

कथा आपणांस ठाऊक असेल. दुखी हा चांभार. मुलीच्या सगाईचा मुहूर्त काढून घ्यावा म्हणून तो गवताचा भारा घेऊन पंडिताच्या दारी जातो. तो तापातून नुकताच उठलेला आहे, पोटात अन्न नाही. पंडित म्हणतो, येतो, तोवर अंगण झाड. मग भुसा वाहून टाक. मग हे लाकूड फोड. ते लाकूड म्हणजे गाठीगाठींचा एक जुनाट ओंडका. ओम पुरींनी दुखीचे काम असे केले आहे की, त्यांच्या कुऱ्हाडीच्या प्रत्येक घावाबरोबर आपलाच श्वास अडकतो. संध्याकाळी दुखी त्या ओंडक्याजवळच मरून पडतो. प्रेत विहिरीच्या वाटेवर आहे. पंडिताने त्याला हात लावायचा नाही, आणि दुखीच्या जातीचे लोक ते उचलण्यास येत नाहीत. शेवटी पंडित पहाटेच्या पावसात पायाला दोरीचा फास अडकवून ते ओढत नेतो आणि जनावरांची हाडे पडलेल्या माळावर टाकून येतो.

आमच्या बैठकीत त्या रविवारी दुपारी मी व सूनबाई कोचावर होतो, नात खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती, आणि काकी काम आटोपून दाराच्या उंबऱ्याला पाठ टेकून जमिनीवर बसली होती. ती नेहमी तेथेच बसते. रामायण-महाभारताचे पुनःप्रक्षेपण असो की क्रिकेटचा सामना, तिची जागा ठरलेली. मी चित्रपट पाहताना मनाशी राय यांच्या कारागिरीचा विचार करीत होते. त्यांनी रंग किती आवरून वापरले आहेत, संगीत किती थोडे आहे, दुखीच्या घावांचा ताल हळूहळू कसा बिघडत जातो, वगैरे. एवढ्यात उंबऱ्यावरून आवाज आला, “गाँठ हे बहिनजी, नइ फूटय.” त्यात गाठ आहे, फुटायचे नाही. ती पडद्याकडे अशा नजरेने पाहत होती की जणू कुऱ्हाड तिच्या हाती दिली असती तर तिने दुखीला बाजूला सारून लाकूड कोणत्या अंगाने धरावे ते दाखवले असते. खेड्यात वाढलेल्या माणसाला लाकूड ठाऊक असते. मला ते नुसते एक प्रतीक वाटत होते.

चित्रपट संपला. ओंडक्यात रुतून राहिलेली कुऱ्हाड दिसली. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग काकीने विचारले, “नोनी के का होइस?” मुलीचे काय झाले?

वाचकहो, खरे सांगते, हा प्रश्न मला सुचला नव्हता. हा चित्रपट मी पूर्वीही दोनदा पाहिलेला, प्रेमचंदांची कथा वर्गात शिकवलेली. दुखीच्या मरणाविषयी, पंडिताच्या ढोंगाविषयी मी मुलांकडून कितीतरी उत्तरे लिहून घेतली असतील. परंतु ज्या मुलीच्या मुहूर्तासाठी तो बाप सकाळी घरातून निघाला, तिचे पुढे काय झाले, हे कथा सांगत नाही, चित्रपट सांगत नाही, आणि मीही कधी विचारले नव्हते. काकीला दोन मुली आहेत. एकीचे लग्न झाले, दुसरीचे व्हायचे आहे. तिच्या दृष्टीने गोष्टीतील उरलेले काम तेच होते.

त्या संध्याकाळी चहाच्या वेळी आमच्या नातीने मला दुसरा प्रश्न विचारला. आपल्या घरांत स्टीलच्या भांड्यांवर नावे घातलेली असतात. आमच्या पेल्यांवर माझ्या सासऱ्यांचे नाव आहे, काहींवर माझ्या लग्नाची तारीख आहे. काकीचा पेला मात्र कोरा. तो ओट्याच्या टोकाला, खिडकीच्या गजाशी पालथा असतो. नातीने तो हातात घेऊन विचारले, “आजी, याच्यावर नाव का नाही?”

आता मी काय सांगावे? ‘तो जरा मोठा आहे म्हणून वेगळा ठेवला आहे,’ असे मी म्हटले. ते अगदीच खोटे नव्हते. पेला खरोखरच मोठा आहे. पण तो मुळात वेगळा का ठेवला गेला, हे मला पक्के आठवत होते. सोळा वर्षांपूर्वी काकी कामास आली त्या दिवशी मी कपाटाच्या मागून तो काढून दिला होता. कोणी सांगितले नव्हते. माझ्या सासूबाईंच्या काळात असाच एक पेला होता, त्याच जागी. ‘मी कामवालीची जात कधी विचारली नाही,’ असे मी चारचौघांत अभिमानाने सांगत असे. विचारण्याची गरजच पडली नव्हती. पेला वेगळा ठेवला की सगळ्याच जातींची सोय होत होती.

दुसऱ्या रविवारी आम्ही १९६५ सालचा ‘कहि देबे संदेस’ पाहिला. छत्तीसगढी भाषेतला हा पहिला बोलपट. मुंबईच्या चित्रपटव्यवसायात काम केलेल्या मनु नायक या रायपूर जिल्ह्यातील तरुणाने तो काढला. चित्रीकरण झाले ते पलारी या गावी. तेथील बालसमुंद तलाव व काठचे सिद्धेश्वराचे विटांचे देऊळ ज्यांनी पाहिले असेल, त्यांना या गावाचा शांतपणा आठवेल. कथा एका ब्राह्मण मुलीच्या व सतनामी तरुणाच्या प्रेमाची आहे. सतनामी म्हणजे गुरू घासीदासांच्या पंथाचे लोक. १७५६ साली गिरौदपुरी येथे जन्मलेल्या या संताने माणसामाणसांत भेद नाही हा उपदेश या भूमीत केला. दर १८ डिसेंबरला त्यांची जयंती छत्तीसगढभर साजरी होते. अशा विषयावरचा चित्रपट साठ वर्षांपूर्वी काढणे म्हणजे अंगावर निखारे घेणेच होते. त्याला विरोध झाला, निदर्शनांची भाषा झाली. तथापि चित्रपट टिकला, आणि हनुमंत नायडू यांची त्यातील गीते आजही येथील लोकांच्या तोंडी आहेत. महंमद रफींसारख्या गायकाने या अनोळखी बोलीत गायन केले, हे त्या काळी मोठेच अप्रूप होते.

चित्रपट म्हणून पाहिले तर त्यात उणिवा पुष्कळ आहेत. काही प्रसंग नाटकी आहेत, उपदेश मधून मधून बाहेर डोकावतो, आणि पैशाची ओढाताण पडद्यावरही लपत नाही. परंतु त्या दुपारी आमच्या बैठकीत एक उलटापालट झाली ती मला महत्त्वाची वाटते. मला येथे पंचेचाळीसहून अधिक वर्षे झाली, तरी ठेठ छत्तीसगढी मला अर्धीच कळते. सूनबाई नाशिकची, तिला त्याहून कमी. नातीला शाळेतली हिंदी तेवढी येते. त्यामुळे दर दोन मिनिटांनी आम्ही तिघी उंबऱ्याकडे वळून विचारीत होतो, “काकी, काय म्हणाला तो?” आणि काकी सांगत होती. आधी दोन शब्दांत, मग दोन वाक्यांत, मग हातवारे करून. शेवटी नात खुर्ची सोडून तिच्याशेजारी जमिनीवर जाऊन बसली. तेथून अर्थ लवकर कळतो, असे तिचे म्हणणे.

मध्येच काकीने एक गोष्ट सांगितली. तिने दूरचित्रवाणी पहिल्याप्रथम पाहिली ती १९७५ साली, गावच्या शाळेत. मी थक्क झाले. मी पहिला संच पाहिला तो रायपुरात, त्याच्या कितीतरी नंतर. मग हिशेब जुळला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष भारताने उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीचा एक मोठा प्रयोग केला होता. अमेरिकेचा एक उपग्रह वर्षभरासाठी मागून घेतला, अहमदाबादहून कार्यक्रम वर पाठवले, आणि सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सार्वजनिक जागी संच बसवले. सकाळी शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन आणि करमणूक. त्या वेळच्या मध्य प्रदेशातील खेडी निवडली गेली ती रायपूरच्या आसपासच्या छत्तीसगढी भागातूनच. अनेक मोठ्या शहरांत संच नव्हते तेव्हा या खेड्यांतली मुले आकाशातून आलेली चित्रे पाहत होती. तिच्या गावी संच शाळेच्या ओसरीवर होता.

नातीने उत्साहाने विचारले, “मग तू पुढे बसायचीस का?”

काकी हसली. पुढे गौटियाच्या, म्हणजे गावच्या मालगुजाराच्या घरची मुले, मग बाकीची, आणि आमच्या पाऱ्याची मुले अंगणात, चिंचेखाली. “तेथून दिसायचे का?” “चित्र नाही दिसायचे. आवाज यायचा.” हे तिने असे सांगितले की त्यात तक्रारीचा सूर नव्हता. चिंचेखाली वारा असे, हेही तिने जोडले.

अवकाशातून बावीस हजार मैलांवरून आलेली चित्रे गावात पोहोचली, पण ओसरीपासून चिंचेपर्यंतचे वीस पावलांचे अंतर त्यांना कापता आले नाही. यात त्या प्रयोगाचा दोष आहे असे मी म्हणणार नाही. तो मोठ्या बुद्धीचा व मोठ्या मनाचा प्रयोग होता. ती वीस पावले आपल्याकडची होती. आणि आमच्या बैठकीतील कोचापासून उंबऱ्यापर्यंतची पावले मोजली, तर ती चार भरतात.

तिसऱ्या रविवारी नातीच्या आग्रहावरून आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ लावला. हा १९५३ चा चित्रपट. राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मान १९५४ साली यालाच मिळाला. वनमालाबाईंची आई आणि माधव वझे यांचा श्याम आपल्या मागच्या तीन पिढ्यांना पाठ आहेत. याच पुस्तकावर २०२३ साली सुजय डहाके यांनी पुन्हा चित्रपट केला, तोही कृष्णधवल, आणि त्यालाही उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नव्याविषयी कधीतरी स्वतंत्रपणे लिहीन.

या वेळी भाषांतराचे काम आमच्याकडे आले. नात काकीला हिंदीत सांगत होती. आई श्यामच्या पायांना घाण लागू नये म्हणून पदर पसरते, तो प्रसंग आला तेव्हा काकीने डोळ्यांना पदर लावला. मनाला घाण लागू नये म्हणून देवाला सांग, हे आईचे बोलणे नातीला हिंदीत नीट सांगता येईना. काकी म्हणाली, “समजले, समजले.”

चित्रपट संपल्यावर मी कपाटातून साने गुरुजींचे पुस्तक काढले. ते त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यात एका म्हाताऱ्या महारणीची गोष्ट आहे. तिची लाकडांची मोळी डोक्यावरून खाली पडली आहे, ती परत उचलून द्यायला कोणी पुढे होत नाही. श्यामची आई त्याला पाठवते. मात्र मोळी उचलून दे आणि घरी येऊन आंघोळ कर, असा तिचा तोडगा आहे. मी लहानपणी हा भाग वाचला तेव्हा मला आई फार थोर वाटली होती, आणि ती होतीच. कोकणातल्या त्या काळच्या खेड्यात तेवढे करायलाही छाती लागत होती. पण या खेपेस मी त्या आंघोळीपाशी अडखळले. मोळी उचलून देणे आणि मग आंघोळ करणे, या दोन्ही गोष्टी एकाच चांगल्या माणसाच्या हातून होऊ शकतात. गुरुजींनी ती आंघोळ गाळली नाही, प्रामाणिकपणे लिहून ठेवली. आणि पुढे याच श्यामने १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून दहा दिवस उपोषण केले. आईने जेथवर आणून सोडले होते, तेथून तो पुढे चालत गेला.

ही मोळी आणि दुखीचा तो ओंडका मनात एकत्र आले, तेव्हा मला आमच्या रायपूरचीच आणखी एक गोष्ट आठवली. माधवराव सप्रे हे नाव आपल्यापैकी अनेकांनी लोकमान्यांच्या ‘गीतारहस्या’चे हिंदी भाषांतरकार म्हणून ऐकले असेल. या मराठी गृहस्थाचे शिक्षण रायपुरात झाले, आणि १९०० साली त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले. त्यात १९०१ साली त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही लहानशी कथा आली. हिंदीतील पहिली कथा म्हणून पुष्कळ अभ्यासक तिचे नाव घेतात. एका जमीनदाराने विधवेची झोपडी बळकावली आहे. तिची नात अन्न घेत नाही; आपल्याच घरी चल, तेथे जेवीन, म्हणते. म्हातारी जमीनदाराकडे टोपलीभर माती मागते, त्या मातीची चूल करून भाकरी भाजीन, म्हणजे पोर जेवेल. आणि मग ती त्यालाच विनवते की टोपली जरा डोक्यावर चढवा. त्याला ती उचलत नाही. म्हातारी म्हणते, एक टोपली उचलत नाही, मग या झोपडीत तर अशा हजारो टोपल्या माती आहे, तिचा भार जन्मभर कसा वाहाल? जमीनदाराचे डोळे उघडतात.

जमीनदाराचे डोळे उघडले ते त्याने टोपलीला हात लावला म्हणून. घासीरामाने ओंडक्याला हात लावला नाही. तो ओसरीवर बसून, लाकूड फोडण्याविषयी सल्ला देत राहिला.

आता थोडे आजच्या मालिकांविषयी. कारण या सदराकडून आपण ती अपेक्षा करता. रोज संध्याकाळी मराठी वाहिन्यांवर जी कौटुंबिक नाटके चालतात, ती आमच्याकडेही पाहिली जातात, आणि मी त्यांची थट्टा करण्यात सामील असले तरी उठून जात नाही. झोपतानाही न उतरणारे दागिने आणि एका वाक्यावर सहा जणांचे सहा चेहरे, यांविषयी सगळेच बोलतात. मला या महिन्यात दिसले ते निराळे. त्या भल्यामोठ्या घरांत चहा आणून ठेवणारी एक बाई असते. ती येते, तबक ठेवते, जाते. तिला घर नाही, मुलगी नाही. शंभर भाग उलटले तरी तिला तबक धरण्यापलीकडे काम लागत नाही. या घरांचे वैभव दाखवण्यासाठी झुंबर जसे लागते तशी ती लागते. लेखकमंडळींना माझी विनंती आहे की, तिला एकदा खाली बसवून तिचे बोलणे ऐकावे. कथानक आटल्याची तक्रार पुष्कळ दूर होईल.

आपल्यापैकी जे माझ्या वयाचे आहेत त्यांना १९८४ साली ७ जुलैला सुरू झालेली ‘हम लोग’ ही मालिका आठवत असेल. लाजोजी, बडकी, मझली, छुटकी. गल्लीतील अर्धी माणसे आमच्या संचासमोर गोळा होत. मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली ती साधी माणसे होती, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी दोन शब्द बोलत, एखादा प्रश्न विचारून जात. आजच्या पिढीला ते उपदेशपर वाटेल. पण त्यामुळे संच बंद झाल्यावर घरात बोलणे सुरू होई. बडकीने काय करावे, यावर आमच्या सासूबाई आणि शेजारच्या साहूकाकू यांचे आठवडाभर चाले. आता अशोककुमार नाहीत, आणि एक भाग संपायच्या आत दुसरा आपोआप सुरू होतो. ते दोन शब्द बोलण्याचे काम आता आपल्यालाच करावे लागेल.

म्हणून, वाचकहो, एक सुचवावेसे वाटते. महिन्यातून एकदा तरी घरातल्या सर्वांनी, आणि घरात काम करणाऱ्यांनीही, मिळून एक चित्रपट पाहावा. प्रत्येकाने आपापल्या हातातील फोनवर नव्हे. एका पडद्यावर, एकाच वेळी. संपल्यावर दिवा लावावा, पुढचे काही लावू नये, आणि घरातल्या सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसाला आधी बोलू द्यावे. त्याला काय विचारायचे आहे ते आपल्याला आधी कळत नाही. मला तरी कळले नव्हते.

राहता राहिला पेला. ‘सद्गति’नंतरच्या सोमवारी मी आमच्या कपबशीतून काकीला चहा दिला. तिने कपाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि कप ओट्यावर तसाच ठेवून आपला पेला धुऊन पुढे केला. मला वाटले, ती संकोचली. मंगळवारी तेच. बुधवारी मी जरा आग्रह केला, आणि तो आग्रह मलाच बोचला. कारण आता तो माझ्या समाधानासाठी होता. चौथ्या दिवशी ती स्पष्टच म्हणाली की, बहिनजी, या एवढ्याशा कपात चहा येतो किती? माझा पेला बरा आहे. सोळा वर्षे मी पेलाभर पिते, आता म्हातारपणी माप का कमी करता?

मी हसले, पण उत्तर सुचले नाही. तिचे म्हणणे खरे होते. आणि हेही खरे की, मी सोळा वर्षांत जे केले ते चार दिवसांत एका कपाने फेडून टाकण्याची मला घाई झाली होती.

शेवटी तोडगा निघाला तो नातीच्या हातून. तिने तो पेला खिडकीतून उचलून बाकीच्या पेल्यांच्या चवडीत ठेवला, आणि भांड्यांच्या दुकानातून तशाच मापाचे आणखी पाच आणवले. तेही कोरेच, नावाशिवाय. आता सकाळचा चहा सगळ्यांना त्या मोठ्या पेल्यांतून मिळतो. काकीचा कोणता ते मला ओळखता येत नाही. तिला बहुधा येते, कारण त्याच्या काठाला एक बारीकसा पोचा आहे, आणि ती चवडीतून नेमका तोच काढून घेते. परवा मात्र तो माझ्या हाती आला होता. तिने पाहिले, काही म्हणाली नाही, दुसरा घेतला.

ती अजून उंबऱ्यापाशीच बसते. कोचावर बस म्हटले की, पाठ दुखते म्हणते, आणि माझे गुडघे मला जमिनीवर बसू देत नाहीत. पुढील रविवारी काय पाहायचे हे तिने ठरवायचे आहे. तिची एकच अट आहे, की ज्यात शेवटी मुलीचे काय झाले ते सांगितलेले असेल असा चित्रपट लावा. आम्ही शोधतो आहोत. आपणांस असा एखादा ठाऊक असेल तर अवश्य कळवावा.